लहान धंद्यासाठीं इंटरनेट कसें निवडावें?

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं माझ्या पुतण्याच्या छापखान्यांत मोठा गोंधळ उडाला. एका शाळेच्या वार्षिकांकाचीं पानें त्याच रात्रीं प्लेटा करणाऱ्याकडे पाठवावयाचीं होतीं, आणि नेमकें इंटरनेट बंद पडलें. पुतण्या निर्धास्त होता; कारण एक बंद पडलें तर दुसरें असावें, म्हणून त्यानें दोन कंपन्यांचीं कनेक्शनें घेतलीं होतीं. परंतु दोहोंच्या तारा गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या एकाच खांबावरून आलेल्या, आणि त्या खांबावरच झाडाची फांदी कोसळलेली! काम हातचें गेलें. तेव्हांपासून या विषयाचा मीं थोडा अभ्यास केला. त्याचें सार आज आपणांस सांगतों.

पहिला प्रश्न वेगाचा. जाहिरातींत ‘१००’ असें ठळक छापलेलें असतें. हा आंकडा मेगाबिटांचा; आपल्या फायलींचें माप मात्र मेगाबाइटांचें, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ६०० मेगाबाइटांची फाईल त्या वेगानें उतरून घेण्यास ६ नव्हे, ४८ सेकंद लागतात. शिवाय हा वेग बहुधा आंत येण्याचा असतो. बाहेर पाठविण्याचा वेग १० च असेल, तर तीच फाईल पाठविण्यास ८ मिनिटें लागतील. किराणा दुकानदारास याचें कांहींच वाटणार नाहीं. कारण बिलें व यूपीआयचे व्यवहार यांस डेटा अगदीं थोडा लागतो. पण छापखानेवाले आणि छायाचित्रकार यांनीं बाहेरचा वेगच आधीं विचारावा. नुसत्या ‘ब्रॉडबँड’ या शब्दानेंहि भुलूं नये. २०२३ सालच्या सरकारी व्याख्येप्रमाणें किमान २ मेगाबिट वेगासहि तें नांव लावतां येतें.

दुसरा प्रश्न वांटणीचा. घरोघर येणारा फायबर सामायिक असतो. एका धाग्यावर बहुधा ३२ किंवा ६४ ग्राहक असतात. चाळीच्या नळासारखेंच हें आहे: सर्वांनीं एकदम तोट्या उघडल्या, कीं धार बारीक होते. ‘लीज्ड लाइन’ म्हणजे आपला स्वतंत्र नळ. तिचा वेग दोन्ही दिशांनीं सारखा, दुरुस्तीच्या मुदतीचा करार लेखी, आणि किंमत मात्र कित्येक पट. पांच-दहा माणसांच्या कचेरीस तिची गरज क्वचितच पडते.

तिसरा प्रश्न कराराचा. छापील दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे काय? डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो? बिघाड झाल्यास माणूस किती तासांत येतो? हीं उत्तरें लेखी घ्यावीं. आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वीं त्याच गल्लींतील दोन दुकानदारांस त्यांचा अनुभव विचारावा. तोंडी आश्वासनापेक्षां शेजाऱ्याची तक्रार अधिक खरी असते.

शेवटचा प्रश्न आधाराचा. दुसरें कनेक्शन निराळ्या कंपनीचें असून भागत नाहीं; तें निराळ्या वाटेनें आलें पाहिजे. तारेला जोड मोबाइल डेटाची द्यावी. तसेंच वीज गेली, कीं दुकानांतील राउटर बंद पडतो. त्यासाठीं बॅटरीचा लहानसा संच ठेवावा.

पुतण्यानें आतां एक तार सोडून मोबाइलचें सिम घेतलें आहे. खर्च वाढला नाहीं. त्या शाळेचें काम मात्र अजून परत आलेलें नाहीं.