दहाचा आकडा

सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात सत्तरी ओलांडलेली आजी ओल्या अंगणात घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. गोंदियाला शस्त्रक्रिया नीट पार पडते. दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद येतो : हिमोग्लोबिन साडेआठ. मुलगा रक्ताच्या बाटलीसाठी धावतो. (रक्त केव्हाच पिशवीत आले, आपण मात्र बाटलीच म्हणतो!) ऐन रोवणीच्या दिवसांत गावाहून रक्तदाते आणायचे कसे?

दहाच्या खाली गेले की रक्त द्यावे, हा संकेत १९४२ सालच्या अ‍ॅडम्स आणि लंडी या अमेरिकी डॉक्टरांच्या लेखापासून रूढ झाला. खुब्याच्या रुग्णांवर त्याची मोठी कसोटी लागली ती थेट २०११ साली. अमेरिका व कॅनडातले २,०१६ रुग्ण, सारे पन्नाशीपुढचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. एका गटाला दहाच्या खाली जाताच रक्त दिले. दुसऱ्याला लक्षणे दिसली तर, किंवा आठच्या खाली डॉक्टरांना गरज वाटली तर. दोन महिन्यांनी मृत्यूंत वा चालण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिकांना एकही बाटली लागली नाही.

पूर्व विदर्भात सिकलसेलची मुलेही रक्ताची वाट पाहत असतात. तिथे वाचलेली बाटली वाया जात नाही.

अर्थात, नुसता आकडा पाहून थांबायचे नाही. आजीला धाप लागते का? उठवून बसवल्यावर भोवळ येते का? छातीत कळ आली, तर साडेआठलाही रक्त द्यावे लागते.