मद्यमुक्तीचे वाढदिवस

दारू सोडण्याची शपथ घेणें मद्यपी माणसाला मुळींच अवघड नसतें. ती तो अनेकदां घेतो; बायकोची शपथ घेतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतो, देवापुढें उभा राहून घेतो, आणि त्या त्या वेळीं अगदीं मनापासून घेतो. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सुधाकराचा निश्चयहि खोटा नव्हता. तो टिकला नाहीं, एवढेंच. निश्चयाचा क्षण मोठा नाट्यमय असतो व त्याला साक्षीदारहि पुष्कळ मिळतात. पण निश्चयानंतरचा चौथा दिवस, एकोणिसावी संध्याकाळ, सातव्या महिन्यांतला पगाराचा दिवस, यांना साक्षीदार कोण? मद्यमुक्त होऊं पाहणाऱ्यांच्या सभांतून दिवस, महिने व वर्षें मोजून त्यांचे वाढदिवस साजरे करण्याची जी पद्धत गेल्या शतकांत अमेरिकेंत रूढ झाली व तेथून जगभर पसरली, ती या प्रश्नाचें एक उत्तर आहे.

हें उत्तर एकदम सांपडलें नाहीं. १८४० च्या एप्रिल महिन्यांत बाल्टिमोर शहरांतील एका गुत्त्यांत बसणाऱ्या सहा मित्रांनीं दारू सोडून एक मंडळी स्थापन केली व तिला जॉर्ज वॉशिंग्टनचें नांव दिलें. प्रत्येकानें आपली कर्मकहाणी उघडपणें सांगावयाची आणि दुसऱ्या एका मद्यप्यास बरोबर घेऊन यावयाचें, ही त्यांची रीत. चळवळ वणव्यासारखी पसरली. पहिल्या वर्धापनदिनीं बाल्टिमोरच्या रस्त्यांतून हजारों लोकांची मिरवणूक निघाली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजीं स्प्रिंगफील्ड येथील शाखेपुढें अब्राहम लिंकन या तरुण वकिलानें भाषण केलें. तथापि हा सर्व उत्साह कांहीं वर्षांतच ओसरला. त्याचीं कारणें अनेक होतीं. त्यांपैकीं प्रस्तुत विषयाशीं संबंध आहे तो एकाचा. या चळवळींतील गाजलेले वक्ते आपल्या नांवानिशीं व्यासपीठावर उभे राहत. जॉन गफ हा त्यांतला बिनीचा वक्ता १८४५ सालीं न्यूयॉर्क शहरांत पुन्हां दारूच्या नशेंत सांपडला, आणि वर्तमानपत्रांना चांगलेंच खाद्य मिळालें. गफ सावरला व पुढें कित्येक वर्षें व्याख्यानें देत राहिला. पण ज्याची मिरवणूक काढावी त्याच्या घसरण्याचीहि मिरवणूक निघते, हें लोकांनीं पाहिलें.

यानंतर नव्वद वर्षांनीं, १९३५ सालीं, ओहायो राज्यांतील अॅक्रन या गांवीं दुसरा प्रयोग सुरू झाला. बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील एक गृहस्थ कामानिमित्त तेथें गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पांच महिने झाले होते. काम फसलें, हॉटेलच्या दिवाणखान्यांत तो एकटा उभा, शेजारच्या मद्यगृहांतून हंसण्याखिदळण्याचा आवाज येतो आहे. त्यानें तेथें न जातां टेलिफोन उचलला आणि गांवांतील पाद्र्यांना विचारण्यास सुरुवात केली कीं, ज्याच्याशीं बोलतां येईल असा एखादा मद्यपी येथें आहे काय? अशा रीतीनें १२ मे रोजीं त्याची व डॉक्टर बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याची गांठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीनें आलेला डॉक्टर कित्येक तास बसून राहिला. पुढें महिन्याभरांतच वैद्यकीय परिषदेसाठीं अटलांटिक सिटीला गेला असतां तो पुन्हां प्याला. परत आल्यावर त्याला एक शस्त्रक्रिया करावयाची होती. हात थरथरूं नयेत म्हणून त्या सकाळीं विल्सननें त्याला बीअर दिली. डॉक्टरचें तें अखेरचें मद्य. तो दिवस १० जून १९३५ मानतात, आणि ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ म्हणजे अनामिक मद्यप्यांच्या संघाचा तोच जन्मदिवस.

यांत एक मौज आहे. ती परिषद त्या वर्षीं १० जूनलाच सुरू झाली होती, असें नंतरच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें. म्हणजे खरी तारीख त्यानंतर आठवड्याभराची, बहुधा १७ जून असावी. तरीहि संघ आपला वाढदिवस १० जूनलाच पाळतो. कुंडली मांडणाऱ्यास ही चूक खपणार नाहीं; पण येथें तारखेला महत्त्व आहे तें एवढ्यापुरतेंच कीं, त्यानंतर १९५० सालीं मृत्यु येईपर्यंत डॉक्टरनें मद्याला स्पर्श केला नाहीं.

या संघाच्या सभासदाकडून जन्मभराची शपथ कोणी घेत नाहीं. आजचा दिवस, चोवीस तास, प्यावयाचें नाहीं, एवढेंच तो ठरवितो, उद्यांचें उद्यां. आपल्याकडे सोळा सोमवारांचें व्रत करतात. सोळा झाले कीं उद्यापन होतें व व्रती मोकळा होतो. येथें उद्यापन नाहीं. पंचवीस वर्षें झालेला सभासदहि सकाळीं उठल्यावर एकाच दिवसाचा धनी असतो. मग वर्षें मोजावयाचीं कशासाठीं, असा प्रश्न साहजिक आहे. तो त्या लोकांनाहि पडला होता, आणि या पद्धतीची घडण पाहिली म्हणजे त्याचा उलगडा होतो.

अॅक्रन येथील सेंट टॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया नांवाची एक जोगीण होती. १९३९ पासून डॉक्टर स्मिथच्या साह्यानें ती मद्यप्यांना तेथें दाखल करून घेऊं लागली. रुग्ण घरीं निघाला म्हणजे ती त्याच्या हातांत येशूच्या पवित्र हृदयाचें चित्र असलेला एक लहानसा बिल्ला देई आणि एकच अट घाली: पुन्हां दारू प्यावीशी वाटली तर खुशाल प्या, पण आधीं हा बिल्ला मला आणून द्या. या अटींतली चतुराई लक्षांत घेण्याजोगी आहे. बिल्ल्याच्या अंगीं कांहीं जादू नव्हती. पण तहान आणि पेला यांच्या मध्यें तिनें एक माणूस उभा केला, ज्याच्या समोर जाऊन मान वर करावी लागणार होती. तेवढ्या वाटेंत पुष्कळांची तहान ओसरली असेल.

पुढें १९४२ च्या सुमारास इंडियानापोलिस शहरांतील सभेंत रंगीत चकत्या देण्याची चाल पडली, असें सामान्यतः मानलें जातें. या चकत्या होत्या पत्त्यांच्या जुगारांतील. एका व्यसनाचें साधन दुसऱ्या व्यसनाच्या मुक्तीस कामीं आलें, याचें त्या मंडळींना कांहींच वाटलें नसावें. स्वस्त मिळत होत्या, झालें. कालांतरानें धातूचीं नाणीं आलीं. त्यांवर बहुधा त्रिकोणाची आकृति व वर्षाचा आंकडा असतो. गंमत अशी कीं, हीं नाणीं संघाची मध्यवर्ती कचेरी पाडीत नाहीं. १९९३ सालीं संघाच्या परिषदेनें हा विषय ज्या त्या गटावर सोपविला. म्हणून कोठें नाणें देतात, कोठें नुसत्या टाळ्या वाजवितात. कॅलिफोर्नियांत ‘वाढदिवस’ म्हणून केक कापतात, तर पूर्वेकडील राज्यांत त्यासच ‘वर्धापनदिन’ म्हणतात.

नाणें देण्याचा विधि अगदीं साधा असतो. चर्चच्या तळघरांतील खोली, घडीच्या खुर्च्या, कॉफीचें भांडें. सभा संपत आली कीं चालक चकत्यांची पेटी उघडतो व प्रथम विचारतो, आजपासून चोवीस तास प्रयत्न करून पाहण्याची कोणाची इच्छा आहे काय? एखादा माणूस, पुष्कळदां घामाघूम झालेला, मागच्या रांगेंतून उठतो व पुढें येतो. बहुतेक ठिकाणीं या पहिल्या चकतीचा रंग पांढरा. मग तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस, सहा महिने, नऊ महिने, वर्ष. वर्षें झालेल्यानें नुसतें नाणें घेऊन बसावयाचें नसतें; तें कसें घडलें हें त्यानें चार शब्दांत सांगावयाचें. त्या सांगण्याचा रोख मागच्या रांगेकडे असतो. ज्याच्या घशाला त्या क्षणीं कोरड पडली आहे त्याला वीस वर्षें ही गोष्ट अशक्य कोटींतली वाटते. पण वीस वर्षें काढलेला माणूस समोर उभा असून तोहि कधींकाळीं याच खुर्चीवर थरथरत बसला होता, हें त्याला दिसतें. वाढदिवस एकाचा, पण खरी भेट मिळते ती नवागताला.

पहिले टप्पे इतके दाट कां, याचेंहि कारण आहे. १९७१ सालीं हंट व त्याच्या सहकाऱ्यांनीं दारू, तंबाखू व हेरॉइन सोडणाऱ्यांविषयींच्या अनेक पाहण्या एकत्र केल्या. तिन्हींचा आलेख जवळजवळ सारखा निघाला: सुमारें दोनतृतीयांश लोक पहिल्या तीन महिन्यांतच पुन्हां घसरले होते. म्हणजे नव्वद दिवसांचें नाणें हें हौसेनें नव्हे, घसरणीच्या जागा ओळखून रोवलेलें आहे. येथें एक सूचना आवश्यक आहे. वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं व एकट्यानें दारू बंद करणें धोक्याचें असतें. दोनचार दिवसांत भ्रम व आंचके येऊन प्राणावरहि बेततें. पहिली चकती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मिळविलेली बरी.

या मोजणीला एक काळी बाजू आहे, व तीच सर्वांत विचार करण्यासारखी आहे. अकरा वर्षें मद्यमुक्त असलेला एखादा सभासद भावाच्या लग्नांत एक पेला घेतो. संघाच्या हिशेबानें त्याचा आंकडा शून्य होतो. अकरा वर्षें जमविलेला मान, धाकट्या सभासदांचें मार्गदर्शकपण, सारें एका घोटांत गेलें असें त्याला वाटतें. आणि सर्वच गेलें तर आतां आवरावयाचें कशासाठीं, या विचारानें एका पेल्याची बाटली व बाटलीचा आठवडा होतो. मार्लाट व गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनीं १९८५ च्या आपल्या ग्रंथांत हाच मनोव्यापार तपशिलानें मांडला आहे: पहिल्या चुकीपेक्षां त्या चुकीनें येणारी हताशाच माणसाला अधिक खोल नेते. दुसरे कित्येक लाजेनें घसरल्याचें लपवितात व खोटें नाणें स्वीकारतात. तें नाणें खिशांत फार जड होत असलें पाहिजे.

तेव्हां आंकडा शून्यावर आणण्याची रीति चुकीची म्हणावी काय? तसें म्हणवत नाहीं. मोजणी खरी नसेल तर नवागतानें विश्वास कोणावर ठेवावा? परंतु शून्य होतो तो अखंड दिवसांचा आंकडा. अकरा वर्षांत मुलें शिकलीं, कर्ज फिटलें, राग गिळण्याची संवय झाली, तें पुसलें जात नाहीं. जाणते गट हा भेद जपतात. परत आलेल्यास ते कांहीं न विचारतां पांढरी चकती देतात, आणि तिच्यासाठीं वाजणाऱ्या टाळ्या अकरा वर्षांच्या नाण्याहून मोठ्या असतात. जेथें वर्षांवरून खुर्च्या लागतात, ज्येष्ठांचें दरबार भरतात, तेथें मात्र बाल्टिमोरची मिरवणूक पुन्हां सुरू झाली असें समजावें. एकंदर पद्धतीचा उपयोग किती, तर २०२० सालीं सत्तावीस अभ्यासांच्या तुलनेंत असें दिसलें कीं, या संघाच्या मार्गास लावून दिलेल्या रुग्णांपैकीं एका वर्षाअंतीं शेकडा ४२ मद्यापासून पूर्ण दूर होते, इतर उपचार घेतलेल्यांपैकीं ३५. फरक चमत्काराचा नाहीं. पण ज्या घरांतला माणूस त्या सातांत मोडतो, त्या घराला तो पुरेसा आहे.

घराची मोजणी निराळीच असते. त्यानें तीनशें पासष्ट दिवस मोजले, तर तिनें दार उघडतांना तीनशें पासष्ट वेळां आधीं श्वासाचा वास घेतलेला असतो. नाणें मिळालें म्हणून विश्वास त्याच संध्याकाळीं परत येत नाहीं, व तो यावा अशी घाई नवऱ्यानें करूं नये. बिल विल्सनची पत्नी लोइस हिनें १९५१ सालीं मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठीं ‘अल-अॅनॉन’ हा स्वतंत्र संघ उभारण्यांत पुढाकार घेतला, तो याच अनुभवांतून. पुष्कळ ठिकाणीं वर्षाचें नाणें पत्नीच्या किंवा मुलीच्या हातून देववितात. त्या वेळीं तिला बोलावयास सांगूं नये. बोलली तर ऐकावें.

भारतांत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचें काम १९५७ पासून चालू असून मुंबईंत व महाराष्ट्रांतील इतर शहरांतहि त्याच्या सभा भरतात. एखाद्या परिचितानें अशा वाढदिवसाच्या खुल्या सभेचें बोलावणें केल्यास संकोच न करतां जावें. हारतुरे नेऊं नयेत, छायाचित्रें घेऊं नयेत, आणि तेथें भेटलेल्या कोणाचेंहि नांव बाहेर सांगूं नये, मग तो आपल्याच आळींतला कां असेना. पेढे मात्र नेण्यास हरकत नाहीं.