पुण्याचा रविवारचा चहा, धारवाडचे 'गेळेयर'

न्यूयॉर्कच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात १९१९ पासून जवळजवळ दहा वर्षे लेखक-पत्रकारांचे एक टोळके दुपारी जेवायला जमत असे. डोरोथी पार्कर, रॉबर्ट बेंचली, अलेक्झांडर वूलकॉट ही त्यातली ठळक नावे. जेवण निमित्ताला, एकमेकांची टोपी उडवायची हा खरा बेत. त्यातल्याच हॅरॉल्ड रॉसने १९२५ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिक काढले. या टेबलाचे कौतुक आजही संपलेले नाही.

आपल्याकडे असे काही नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. पुण्यात १९२३ साली 'रविकिरण मंडळ' स्थापन झाले, त्याचे मूळ रविवारच्या चहातच होते. या बैठकीला 'सन-टी क्लब' असेही म्हटले जाई. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, नाट्यछटाकार दिवाकर, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर असे एकेक जण. त्यांत श्री. बा. रानड्यांच्या पत्नी मनोरमाबाईही होत्या, आणि त्या चहा करण्यापुरत्या नव्हत्या, कवयित्री म्हणून होत्या. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे.

कविता वाचायची, तिच्यावर चर्चा करायची आणि मग छापायची, असा हा कारभार. त्याच वर्षी 'किरण' हा संग्रह निघाला. कविता सभेत गाऊन दाखवण्याची चाल महाराष्ट्रभर रुजली ती मुख्यतः या मंडळींमुळे. माळव्यातल्या भा. रा. तांब्यांची समग्र कविता १९३५ मध्ये माधव जूलियन यांनीच संपादित केली, म्हणजे चहाच्या टेबलाचा हात देवास-ग्वाल्हेरपर्यंत पोचला होता. हे सगळे एकमेकांचीच पाठ थोपटतात, असा आक्षेपही झाला. तो अगदीच खोटा होता असे मला वाटत नाही. पण त्यावर उतारा बाहेरूनच मिळाला. 'केशवकुमार' या नावाने आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या कवींची जी विडंबने केली, ती वाचून खुद्द कवींनाही हसू आवरले नसेल.

आता आपल्या बाजूला येऊ. पुण्यात चहा उकळत होता, त्याच सुमारास, १९२२ च्या आसपास, धारवाडात द. रा. बेंद्रे यांच्याभोवती 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रांचा मेळा, जमला. शं. बा. जोशी, वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी, बेटगेरी कृष्णशर्मा ही त्यातली माणसे. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत आजही आजीशी एका भाषेत आणि शेजाऱ्याशी दुसऱ्या भाषेत बोलणे चालते. बेंद्रे त्याच घरातले. 'नरबलि' या कवितेपायी इंग्रज सरकारने त्यांना १९३२ मध्ये तुरुंगात टाकले, तो तुरुंग आपला हिंडलग्याचा. पुढे १९४४ ते १९५६ ते सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. १९७३ च्या ज्ञानपीठाचे मानकरी झाले तेही बेंद्रे, आणि गोकाकांना तोच मान १९९० चा मिळाला.

एक गोष्ट इथे टाळून चालणार नाही. रविकिरण मंडळातले माडखोलकर १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच संमेलनात झाला. तिकडे 'गेळेयर गुंपु'ने नवरात्रात 'नाडहब्ब' सुरू केला तो कर्नाटक एक व्हावा, या भावनेतूनच. कविता ऐकायला जमलेल्या दोन बैठकांचे रस्ते असे एकाच गावावर येऊन भिडले. १९५६ ची पुनर्रचना आणि नंतरचे सगळे वाचकांना मी सांगायला नको. त्याची झळ ज्यांना लागली, त्यांना ते पाठ आहे.

तरीही शं. बा. जोशी यांचे उदाहरण पाहा. कर्नाटकाच्या संस्कृतीवर आयुष्यभर कन्नडमध्ये लिहिणाऱ्या या गुर्लहोसूरच्या माणसाने 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हे पुस्तक थेट मराठीत लिहिले. त्यातली मते सगळ्यांना पटली नाहीत. पण मराठी वाचकांशी भांडायचे, तर ते मराठीतच भांडावे, एवढे सौजन्य त्यांच्याजवळ होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते मिळाले, तर कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन वाचावे. चहाची सोय आपल्याकडे असतेच.