नाव गाडीचे, नंबर भागाचा

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची जी दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, त्यांपैकी एका दुकानात एक वयस्क गृहस्थ आपल्या जुन्या टाटा सिएराचे हेड गॅस्केट मागावयास आले होते, दुकानदाराने फळीवरून काढून दिलेल्या पाकिटावर सुमोचे नाव पाहून ते थबकले, तेव्हा तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "साहेब, गाडीचं नाव नका बघू, पार्ट नंबर बघा." मोटारींच्या कारखानदारीचे एक मुख्य सूत्रच त्या वाक्यात आले.

रस्त्यावर सर्वस्वी भिन्न दिसणाऱ्या मोटारी पुष्कळदा एकाच कुळातील असतात. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ साली टाटामोबाइल हे पिकअप वाहन बाजारात आणले आणि त्याच्याच पायावर १९९१ साली सिएरा, १९९२ साली इस्टेट व १९९४ साली सुमो उभी केली. मागच्या बाजूस भव्य वक्राकार काचा मिरविणारी सिएरा हौशी धनिकांसाठी होती, तर दहा माणसे सहज सामावून घेणारी चौकोनी सुमो गावोगावच्या प्रवाशांसाठी. पण १९४८ सीसीचे डिझेल इंजिन दोहोंच्या पोटात तेच होते. पुण्याचा कारखाना ज्यांनी नावारूपास आणला, त्या सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगांतील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून 'सुमो' हे नाव सिद्ध झाले.

कारखानदार असे का करतात, हे दरवाजाच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. पोलादी पत्र्याला दरवाजाचा आकार देणारी अजस्र डाय घडविण्यास महिनोन्‌महिने लागतात, आणि तिच्यातून शंभर दरवाजे निघोत की लाख, तिचा खर्च टळत नाही. सबब तो जितक्या अधिक गाड्यांवर वाटला जाईल, तितकी प्रत्येक गाडी स्वस्त पडते. १९९८ च्या इंडिकाचेच अंग वाढवून २००२ साली डिकी असलेली इंडिगो निघाली, ती याच हिशेबाने. पुढे २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरांहून आखूड आणि ठरावीक मर्यादेतील इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले, तेव्हा डिकी आखडून २००८ साली इंडिगो सीएस सादर करण्यात आली. सरकारच्या एका हुकुमाने गाडीची शेपटी कापली गेली, तरी पुढचे अंग कायम राहिले. ग्राहकाचाही यात लाभ असतो, कारण एका गाडीचे उत्पादन थांबले तरी तिच्या भावंडांसाठी निघणारे भाग तिला जगवितात, आणि मेकॅनिकचा हात ज्या इंजिनावर बसला आहे, तेच त्याच्यापुढे पुनःपुन्हा येते.

परंतु जो भाग सामायिक, त्याचा दोषही सामायिक. अमेरिकेतील जनरल मोटर्सने शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयॉन इत्यादी गाड्यांत बसविलेल्या इग्निशन स्विचची पकड ढिली होती. चावीला जड जुडगा लटकत असला किंवा गाडीला हिसका बसला, की चावी आपोआप फिरून चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे, आणि ऐन अपघाताच्या क्षणी एअरबॅगही उघडत नसत. २००६ साली आतील खिट्टी बदलून सुधारलेला स्विच मंजूर झाला खरा, पण त्याला नंबर जुनाच ठेवला गेला! परिणामी कंपनीच्या दप्तरी सदोष आणि निर्दोष स्विच एकच ठरले, चौकशी करणाऱ्यांना वर्षानुवर्षे उलगडा होईना, आणि २०१४ साली सुमारे २६ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. नुकसानभरपाईच्या निवाड्यात १२४ मृत्यू या स्विचशी जोडले गेले.

म्हणून पार्ट नंबर हा माझ्या मते केवळ व्यापारी सोयीचा आकडा नसून कारखानदाराने ग्राहकास दिलेली सनद आहे: या नंबराखाली जे मिळेल ते प्रत्येक गाडीत सारखेच वागेल, आणि भागात काडीचाही फरक झाला तर नंबरही बदलेल, अशी ती हमी होय. ही नोंद चोख असेल, तरच एका गाडीचा भाग दुसरीत निर्धास्तपणे बसविता येतो.

त्या गृहस्थांनी खिशातून मेकॅनिकने लिहून दिलेली चिठ्ठी काढली, चष्मा सावरला, आणि चिठ्ठीवरचा एकेक आकडा पाकिटावरच्या आकड्याशी बोटाने ताडून पाहिला. शेवटच्या आकड्यापाशी बोट थांबले, तेव्हाच त्यांनी पैसे मोजून दिले.