डब्बा झाला? थांब, आधी पिन बघ!

विश्रामबागेतली आमची रूम, चार पोरं आणि एक कन्सोल. नवा घ्यायची कुणाचीच ऐपत नव्हती. साताऱ्याच्या मित्राच्या चुलतभावाकडून जुना घ्यायचं ठरलं. प्रत्येकी ४,००० म्हणजे १६,००० रुपयांची वर्गणी. साताऱ्याचा पठ्ठ्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून आपला वाटा जमवत होता. त्यानंच तो कन्सोल गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, कराड-पेठनाका-आष्टा करत एसटीनं सांगलीत आणला.

तीन आठवडे रूमवर नुसता दंगा. मग जूनमधल्या एका रात्री ढग गडगडले, विजा झाल्या, लाईट तीनदा गेली आणि तीनदा आली. सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. दिवा नाही, बीप नाही, पंख्याची घरघर नाही. १६,००० रुपयांचा काळा डब्बा टीव्हीखाली गप्प बसलेला.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : कुणावर तरी ढकलायचं. "तुझ्या भावानं आम्हाला खराब माल खपवला लगा," असं आमच्यातला एक बोलून गेला. साताऱ्याचा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून तो गावी गेला. आम्ही डब्बा घेऊन एका दुकानात गेलो. तिथल्या माणसानं तो न उघडता, नुसता हातात घेऊन सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय. सात हजार होतील."

सात हजार! म्हणजे परत वर्गणी. आणि वर्गणी मागायची कुणाकडं, तर ज्याला आपण नको ते बोललो त्याच्याकडं.

काय झालं ते नको, काय होतंय ते सांगा

शेवटी कुणीतरी गणपती पेठेजवळच्या एका काकांचं नाव सुचवलं. आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. आम्ही आत शिरतानाच म्हणालो, "काका, मदरबोर्ड गेलाय." काकांनी चष्म्यावरून बघितलं. "काय झालंय ते मी बघतो. तुम्ही काय काय होतंय तेवढं सांगा."

पुढचा अर्धा तास आम्ही जे शिकलो, ते एवढंच : एका वेळी एकच गोष्ट तपासायची, सोप्यापासून अवघडाकडं जायचं आणि प्रत्येक पायरीला एक शक्यता खोडायची.

पायरी १ : खरंच मेलाय का? दिवा लागतो, पंखा फिरतो, पण टीव्हीवर चित्र नाही, तर पॉवर ठीक आहे. मग एचडीएमआयची वायर बदला, टीव्हीचा इनपुट नीट निवडलाय का बघा. चालू होऊन थोड्या वेळानं बंद पडत असेल, तर धूळ आणि उष्णतेवर संशय घ्या. मागच्या जाळ्या मोकळ्या करा, टीव्हीच्या बंद कपाटातून डब्बा बाहेर काढा. यातलं काहीच होत नसेल, तरच पुढची पायरी.

पायरी २ : पॉईंटला लाईट आहे का? त्याच पॉईंटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो बाजूला ठेवा आणि कन्सोल थेट भिंतीतल्या पॉईंटला लावा. रूमवरच्या बोर्डांच्या पट्ट्या आतून ढिल्या झालेल्या असतात. चार्जर चालतो म्हणून कन्सोल चालेलच असं नाही, पण चार्जरही चालत नसेल तर विषय तिथंच संपला.

पायरी ३ : वायर बदलून बघा. बऱ्याच कन्सोलना इंग्रजी आठच्या आकाराची दोन पिनांची साधी वायर लागते. तीच टेप रेकॉर्डरला आणि काही प्रिंटरनाही असते. काकांनी आपल्या जुन्या टेपची वायर काढून आमच्या कन्सोलला लावली. फरक पडला नाही, पण एक शक्यता खोडली गेली. काही जुन्या कन्सोलचा अडॅप्टर विटेएवढा असतो आणि वायरीतच मध्ये बसवलेला असतो. त्यावरचा दिवा लागतोय का ते आधी बघा.

पायरी ४ : विश्रांती द्या. पिन भिंतीतून पूर्ण काढा, बटण काही सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा, मग परत लावा. हा टोटका नाही. व्होल्टेज अचानक वाढलं की पॉवर सप्लायमधलं संरक्षण स्वतःला बंद करून घेतं. आत साठलेली वीज निघून जाईपर्यंत ते तसंच अडून राहू शकतं. नुसतं बटण बंद-चालू करून ते सुटत नाही.

हातात धरायचा गेमिंग सेट असेल आणि बॅटरी पार उतरलेली असेल, तर चार्जिंगला लावल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा. लगेच बटण दाबत बसू नका.

इथं थांबायचं!

या चार पायऱ्या कुणीही करावी. पाचवी, म्हणजे स्क्रू काढणं, जाणकाराकडं सोपवावी. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. पॉवर सप्लायच्या आत तिची डीसी होते तेव्हा ती साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि कपॅसिटरमध्ये साठते. पिन काढल्यावरही ती काही काळ तिथंच असते. यूट्यूबवर बघून स्क्रू-ड्रायव्हर घालणाऱ्याला हे कळतं, पण उशिरा.

दुसरी गोष्ट पाण्याची. सांगलीकरांना ती वेगळी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि हरभट रोड, मारुती रोडवरच्या दुकानांत पाणी शिरलं. पुरात भिजलेली वस्तू "वाळली का बघू" म्हणून चालू करणं ही सगळ्यात महागडी चूक. पुराच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात. पाणी वाळलं तरी ते बोर्डवर राहतात, शॉर्ट करतात, तांबं खातात. तांदळाच्या डब्यात ठेवून ते निघत नाहीत. उलट तांदळाची भुकटी आत जाते. भिजलेला कन्सोल चालू न करता थेट दुरुस्तीला न्यायचा.

चूक आपलीच असते असं नाही

कधी कधी मशीनच आतून कच्चं असतं. एक्सबॉक्स ३६० चे तीन लाल दिवे जगभरातल्या गेमरनी बघितले. गरम-थंड होऊन चिपच्या जोडणीतल्या सोल्डरला तडे जात होते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली. तेव्हा वॉरंटीत असलेला कन्सोल स्वतः उघडू नका. बिल जपून ठेवा. कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राईट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलंय.

आणि वॉरंटी संपली असेल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारायला लाजू नका : नेमकं काय बिघडलंय, ते कसं तपासलं आणि काढलेला पार्ट परत मिळेल का? न उघडता 'बोर्ड गेला' म्हणणाऱ्याकडं या तिन्हीची उत्तरं नसतात.

तर आमच्या डब्ब्याचं काय?

चारही पायऱ्या झाल्या, काहीच हललं नाही. मग काकांनी कन्सोल उघडला आणि मल्टिमीटर लावला. वीज पॉवर सप्लायपर्यंत येत होती, बाहेर मात्र शून्य. त्यांनी भंगारातल्या तशाच एका कन्सोलचा सप्लाय काढून जोडला आणि बटण दाबलं.

बीप!

बोर्ड ठणठणीत होता. सप्लाय बदलायचे २,४०० रुपये झाले. पैसे घेताना काकांनी विचारलं, "त्या रात्री त्याच बोर्डवर अजून काय लावलं होतं?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. इंडक्शन शेगडी आणि पाणी तापवायची कॉइल. शिवाय विजा चमकत असताना पिन काढायची तसदी चौघांपैकी कुणीच घेतली नव्हती. "मग साताऱ्याचा तुमचा तो भाऊ काय करणार?" काका म्हणाले.

रूमवर येऊन त्याला फोन केला. उचलला नाही. जळालेल्या सप्लायचा फोटो पाठवला, त्याखाली लिहिलं, "चूक आमची. भावाचा माल एक नंबर होता." निळी टिक आली, उत्तर नाही.

सोमवारी तो आला. हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स. त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. बॅग टेकवली, टीव्हीपाशी वाकला, इंडक्शनच्या बोर्डमधून कन्सोलची पिन काढली आणि भिंतीतल्या पॉईंटला लावली.

"आता लावा," म्हणाला. "पहिली मॅच माझी."