पद्मिनीचा गंज

पेण आणि रोहा भागात जुनी प्रीमियर पद्मिनी घरी दुरुस्त करायची, तर इंजिनाची धास्ती नको. 1089 सीसीचं ते साधं कार्ब्युरेटरचं यंत्र. पॉइंट घासून गॅप लावला, प्लग पुसले की बहुतेक कुरकुर थांबते. खरा शत्रू गंज. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार वाहते. त्यामुळे फ्लोअरचा पत्रा कुजला, की गाडीचा कणाच खचला.

इथे कोकणातला पाऊस, त्यात पेणला खाडीचा खारा वारा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोकं असतात. ती मातीने बुजली की दार आतून सडतं. मॅटिंग उचलून स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचून पाहा. आरपार गेला तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. भोकावर लांबी थापणं म्हणजे निव्वळ फसवणूक. मग रेड ऑक्साइड प्रायमर, वर रंग. गणपतींच्या पेणमध्ये स्प्रेगन चालवणारे हात भरपूर, पण गाडीचा रंग दमट हवेत पांढुरका पडतो. म्हणून दिवाळीनंतरच हात घाला.

वेल्डिंग आणि ब्रेक मात्र जाणत्या मेकॅनिककडेच. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा.

कागदांचंही बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी होऊन 5-5 वर्षांनी नूतनीकरण. एमएच-06चं आरटीओ पेणलाच आहे, तेवढा हेलपाटा वाचतो.