वस्तऱ्याची विद्या

अमेरिकेत १९०४ साली किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या दाढीयंत्राचे पेटंट मिळाले आणि आपली दाढी आपणच करणे सोपे झाले. आज काही हौशी मित्रमंडळी पुन्हा ब्रश, साबण नि वस्तऱ्याकडे वळली आहेत. कोमट पाण्याने केस मऊ होतो, चामड्याच्या पट्ट्यावर धार सरळ होते, तुरटीने किरकोळ रक्त थांबते. ही विद्या आपल्या पेडणे-डिचोलीतील म्हाल्यांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे आली. संत सेना न्हावी यांनी तर धंद्यातील आरसा-चिमट्याला विवेक-वैराग्याचे रूपक केले. हौस अवश्य करावी. मात्र ज्या हातांनी ही विद्या राखिली, त्यांना समाजाने कोणता मान दिला, हेही त्या आरशात पाहावे.